जॅक बसला म्हणजे जोडणी झाली का?

गॅदरिंग जवळ आलं की आमच्या लेडीज हॉस्टेलच्या कॉमन रूममधल्या गिटार अ‍ॅम्पला अचानक खूप नातेवाईक मिळतात. एरवी तो बिचारा कॅरम बोर्डाच्या मागे धूळ खात पडलेला असतो. पण प्रॅक्टिस सुरू झाली की डान्सवाल्यांना त्यावर गाणी वाजवायची असतात, स्किटवाल्यांना पार्श्वसंगीत हवं असतं आणि बँडवाल्यांना मूळ गाण्याबरोबर गिटार घासायची असते. मग जी ती बॅगेतून काहीतरी काढते. कोणाचा मोबाईल, कोणाचा दादाकडून वारशाने आलेला एमपीथ्री प्लेअर. आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, "याला लावायची वायर आहे का गं कोणाकडे?"

वायर असते. वायर नेहमीच असते! कोणाच्या तरी ड्रॉवरमध्ये एका टोकाला छोटी पिन आणि दुसऱ्या टोकाला मोठी पिन असलेली वायर निघतेच, नाहीतर एखादा पिवळट पडलेला कन्व्हर्टर सापडतो. पिन 'टक्' करून बसते, गाणं वाजतं आणि सगळ्यांना वाटतं, झालं काम. माझं म्हणणं एवढंच, की पिन बसणं आणि सर्किट जुळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिन बनवणाऱ्याने फक्त तिची जाडी मोजलेली असते. इकडून किती व्होल्ट येणार, पलीकडे किती ओहम आहेत आणि ग्राउंड कुठे आहे, हे तीन प्रश्न आपणच विचारायचे असतात. चार वर्षं फी भरून आपण तेच तर शिकतोय.

एक आधीच सांगून टाकते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. घरी मराठी, शाळेत इंग्लिश, त्यामुळे 'विभवांतर' वगैरे शब्द मी वापरायला लागले तर मलाच डिक्शनरी घेऊन बसावं लागेल. तेव्हा व्होल्टेजला मी व्होल्टेजच म्हणणार आहे. मराठी विभागाच्या मॅडमनी त्याला परवानगी दिली आहे. ऱ्हस्व-दीर्घ त्या बघणार आहेत!

दोन पिना, दोन घराणी

गिटारची जाडी पिन म्हणजे पाव इंची, ६.३५ मिलिमीटरची. हिचा जन्म गिटारसाठी झालाच नव्हता. एकोणिसाव्या शतकात टेलिफोन एक्सचेंजमधले ऑपरेटर एका माणसाची लाईन दुसऱ्याला जोडून द्यायचे, तेव्हाची ही पिन. दिवसभर काढा-घाला करूनही न झिजणारी, म्हणून ती टिकली आणि पुढे गिटारवाल्यांनी उचलली. प्लेअरची ३.५ मिलिमीटरची पिन ही तिची धाकटी बहीण. ती घराघरांत पोचली वॉकमनमुळे. सोनीचा पहिला वॉकमन १९७९ साली आला, आणि त्याला हेडफोनची चक्क दोन भोकं होती, दोघांनी मिळून ऐकावं म्हणून. (कॉलेजमधल्या जोडप्यांनी नोंद घ्यावी.) मग २००१ मध्ये आयपॉड आला, आणि २०२२ मध्ये अ‍ॅपलने शेवटचं आयपॉडचं मॉडेलही बंद केलं. पण हॉस्टेलमध्ये कुठलीच वस्तू अधिकृतरीत्या बंद होत नाही. आमच्या मजल्यावर आजही तीन आयपॉड व्यवस्थित वाजतात.

आता दोन्ही पिना हातात घेऊन नीट बघा. गिटारच्या पिनेवर एकच काळी पट्टी असते, म्हणजे धातूचे दोन भाग. पुढचं टोक म्हणजे सिग्नल, मागचा लांब भाग म्हणजे ग्राउंड. गिटार मोनो असते, तिला एवढं पुरतं. हेडफोनच्या पिनेवर दोन पट्ट्या, म्हणजे तीन भाग. टोकावर डावा चॅनेल, मधल्या रिंगवर उजवा आणि मागे दोघांचं सामाईक ग्राउंड. माईकवाल्या इअरफोनला तीन पट्ट्या आणि चार भाग असतात. सगळा घोळ या मधल्या रिंगमध्ये आहे.

समजा तुम्ही दोन्ही बाजूंना एक पट्टीवाली, म्हणजे मोनो वायर वापरली. छोटी पिन प्लेअरमध्ये गेली. प्लेअरच्या आतला उजव्या चॅनेलचा पत्रा जिथे रिंग शोधतोय, तिथे या पिनेचं ग्राउंडच आहे. म्हणजे उजवा चॅनेल सरळ शॉर्ट! बाहेर तुम्हाला डाव्या चॅनेलचं गाणं छान ऐकू येतंय आणि आत उजव्या चॅनेलचा छोटासा अ‍ॅम्प्लिफायर भिंतीवर डोकं आपटतोय. काही प्लेअरमध्ये यासाठी प्रोटेक्शन असतं, काहींत नसतं, आणि बाहेरून बघून ते कळत नाही. आमच्या एका एफईच्या मुलीचा प्लेअर अशाच वायरवर तीन संध्याकाळी वाजला. चौथ्या दिवशी तिने इअरफोन लावले तर उजवा कान मुका. तो प्लेअर तिला दहावी पास झाल्यावर आजोबांनी दिला होता, आणि आजोबा आता नाहीत. नवीन प्लेअर कुठेही मिळेल, पण तो नाही मिळणार. हा लेख मी खरं तर तिच्यासाठी लिहिते आहे.

दुसरा प्रकार कमी धोक्याचा पण जास्त गमतीचा. स्टिरिओ वायर आणि वर स्टिरिओ मोठा कन्व्हर्टर. तो अ‍ॅम्पच्या मोनो भोकात घातला की अ‍ॅम्प फक्त टोक वाचतो. म्हणजे डावा चॅनेल येतो आणि उजवा हवेत राहतो. आजकालच्या बऱ्याच गाण्यांत गायक दोन्हीकडे सारखा असतो, त्यामुळे कळतही नाही. पण बीटल्सचा १९६५ चा 'रबर सोल' हा अल्बम त्याच्या जुन्या स्टिरिओ मिक्समध्ये ऐकून बघा. त्यात बऱ्याच गाण्यांत वाद्यं एका कानात आणि गाणारे दुसऱ्या कानात आहेत. एकच बाजू घेतली तर एक तर बँड गायब, नाहीतर बीटल्स गायब.

तिसरा प्रकार ऑडिटोरियमच्या मिक्सरवर होतो. मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटला तीन भाग असतात आणि तो टोक आणि रिंग यांच्यातला फरक मोजतो. (डिफरन्शियल अ‍ॅम्प्लिफायर आठवा. सेकंड इयरला जर्नलमध्ये लिहिला होता, निदान कॉपी तरी केला होता.) त्याला हेडफोनची स्टिरिओ पिन दिली की तो डावा वजा उजवा करतो. जे दोन्हीकडे सारखं ते शून्य. गायक साधारण दोन्हीकडे सारखाच असतो, त्यामुळे तोच उडतो आणि मागे नुसती वाद्यं नि भुताटकीसारखा इको उरतो. कोणाला फुकटात कॅराओके हवा असेल तर वाईट नाही!

दोन रेझिस्टर

आता सगळ्यात जास्त दिसणारी 'आयडिया'. वायर कापायची, लाल आणि पांढरी पिळून एकत्र करायची आणि टोकाला सोल्डर. डावा अधिक उजवा बरोबर मोनो. गणित चांगलं आहे, पण प्लेअरला ते कोणी विचारलेलं नाही. डाव्याला या क्षणी १ व्होल्ट द्यायचा आहे आणि उजव्याला ० व्होल्ट. दोघांना तारेने बांधलं की एकाच जागी एकाच वेळी दोन वेगळी व्होल्टेज असू शकत नाहीत, म्हणून दोघं भांडतात. प्रत्येकाचा आऊटपुट इम्पीडन्स ५ ओहम धरूया. करंट होतो १ भागिले १०, म्हणजे १०० मिलिअँपिअर. याच प्लेअरला ३२ ओहमचा हेडफोन लावला असता तर १ व्होल्टला ३१ मिलिअँपिअर लागले असते. म्हणजे तुमचं गाणं न वाजवता, नुसत्या आपसातल्या भांडणात ते दोघं तिप्पट करंट जाळतायत.

उपाय लाजिरवाणा सोपा आहे. प्रत्येक चॅनेलच्या वाटेत १ किलोओहमचा एक रेझिस्टर टाका आणि त्यानंतर दोघांना जोडा. आता भांडणाच्या वाटेत ५ अधिक ५ अधिक १००० अधिक १००० ओहम आहेत. करंट अर्ध्या मिलिअँपिअरच्या जवळ आला, दोनशे पट कमी. आणि सांध्यावर व्होल्टेज किती? मिलमन थिअरम लावा, डावा अधिक उजवा भागिले दोन. बरोबर सरासरी! ओरलमध्ये एक्स्टर्नलने "मिलमनचा उपयोग सांगा" विचारलं की आपण छताकडे बघतो ना, त्याचं उत्तर हे. पाव वॅटचे दोन रेझिस्टर. तपकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडवर दुकानदार असले दोनच द्यायला तोंड वाकडं करतो, तेव्हा सरळ पाकीटच घ्या.

इम्पीडन्स मॅच करायचा का?

हा प्रश्न मी मुद्दाम चार जणांना विचारला. चौघांनीही मान हलवून "अर्थात!" म्हटलं. कारण मॅक्झिमम पॉवर ट्रान्सफर थिअरम आपल्या डोक्यात इतका पक्का बसलेला आहे की जिथे तिथे सोर्स आणि लोड सारखे केले की पुण्य लागतं असं आपल्याला वाटतं. पण नीट विचार करा. गिटार अ‍ॅम्पला प्लेअरकडून पॉवर हवीच कुठे आहे? पॉवर तो भिंतीतून घेतो. त्याला हवी आहे फक्त बातमी, म्हणजे व्होल्टेज. आणि व्होल्टेज पूर्ण पोचवायचं तर सोर्स लहान आणि लोड खूप मोठा हवा. दोघं सारखे केले तर निम्मं व्होल्टेज वाटेतच जाईल.

गिटार अ‍ॅम्पचा इनपुट इम्पीडन्स साधारण १ मेगाओहम असतो. एवढा मोठा का? कारण गिटारचा पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे. त्याचा नुसता डीसी रेझिस्टन्सच ६ ते १५ किलोओहम असतो, आणि इंडक्टन्स काही हेन्री. मिलिहेन्री नव्हे, अख्खे हेन्री! फ्रिक्वेन्सी वाढली की इंडक्टन्सचा इम्पीडन्स वाढतो, त्यामुळे अशा सोर्सला लहान लोड दिला तर वरचे सूर आधी मरतात आणि गिटार गोधडीखालून वाजल्यासारखी वाटते. म्हणून तो मेगाओहम. आपला प्लेअर मात्र काही ओहमचा दांडगा सोर्स. दोन रेझिस्टरनंतरही तो ५०० ओहमच दिसतो. मेगाओहमपुढे ५०० म्हणजे काहीच नाही. तेव्हा या बाजूने काळजी नको.

उलट दिशेने मात्र काळजी हवी. गिटार थेट लॅपटॉपच्या किंवा साध्या होम थिएटरच्या लाईन-इनला लावणारे महाभाग आहेत. तिथे लोड १० ते ५० किलोओहम असतो. तीच वायर, तेच भोक, पण आवाज बसलेला. मग "गिटारच्या तारा जुन्या झाल्यात" म्हणून नवा सेट आणला जातो. म्युझिकच्या दुकानांचा निम्मा धंदा ओहमच्या नियमावर चालत असावा असा माझा संशय आहे.

जोर किती?

पिकअपमधून साधारण १०० ते २०० मिलिव्होल्ट येतात. जोरात स्ट्रम केलं तर क्षणभर त्याच्या कितीतरी पट. प्लेअरचा हेडफोन आऊटपुट पूर्ण आवाजाला १ व्होल्टच्या आसपास जातो. म्हणजे अ‍ॅम्पच्या पहिल्याच पायरीवर आपण अपेक्षेच्या पाच-दहा पट माल ओततोय. त्या पायरीला जमलं नाही की ती लाटेचे वरचे-खालचे शेंडे छाटते. गिटारसाठी ही छाटणी म्हणजे डिस्टॉर्शन, लोक त्यासाठी पैसे मोजतात. पण लताबाईंच्या आवाजाला डिस्टॉर्शन? नको.

यावर "प्लेअरचा आवाज कमी ठेव" हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. बऱ्याच प्लेअरमध्ये आवाज अगदी खाली आणला तरी त्यांची स्वतःची बारीक 'हिस्स' तेवढीच राहते, आणि अ‍ॅम्प मग गाण्याबरोबर तीही वाढवतो. त्यापेक्षा प्लेअर पाऊण आवाजावर ठेवा आणि वाटेत दोघांनाही कापा. आपल्या दोन रेझिस्टरच्या सांध्यावरून ग्राउंडला १०० ओहमचा एक रेझिस्टर जोडा. ५०० आणि १०० चा व्होल्टेज डिव्हायडर झाला, म्हणजे सिग्नल एक षष्ठांश. १ व्होल्टचे साधारण १६७ मिलिव्होल्ट. अ‍ॅम्पला वाटेल गिटारच आली. डेसिबलमध्ये साडेपंधराचा तोटा. हा तिसरा रेझिस्टर मी एका छोट्या स्विचवर ठेवला आहे, का ते पुढे येईल.

हे सगळं एका पत्र्याच्या डबीत बसवा. पत्र्याचीच, कारण ती ग्राउंडला जोडली की बाहेरची घरघर अडते. प्लास्टिकच्या साबणदाणीत बसवलेलं एक मॉडेल बॉईज हॉस्टेलमध्ये आहे असं ऐकलं. त्यात ट्यूबलाईटचा आवाज फुकट येतो. प्लेअरकडे जाणारी वायर शिल्डेड घ्या आणि जमेल तितकी आखूड ठेवा. सोल्डर करण्याआधी मल्टिमीटरच्या बझरवर तिन्ही भाग तपासा, कारण वायरींचे रंग हा प्रत्येक कंपनीचा स्वतंत्र धर्म आहे.

कुठल्या भोकात?

लहान प्रॅक्टिस अ‍ॅम्पला बहुतेक वेळा 'ऑक्स', 'सीडी इन' किंवा 'एमपीथ्री' लिहिलेलं छोटं भोक असतं. असेल तर देवाला नमस्कार करा आणि तेच वापरा. ते साधारणपणे स्टिरिओ पिन धरूनच बनवलेलं असतं, सिग्नल गिटारच्या प्रीअ‍ॅम्पनंतर मिसळतं आणि गिटारचं भोक मोकळं राहतं. मग माझ्या डबीची गरज नाही, साधी दोन्हीकडे दोन पट्ट्यांची वायर पुरे. मी इतकं सगळं लिहिलं ते आमच्या कॉमन रूममधल्या अ‍ॅम्पसारख्या जुन्या जिवांसाठी, ज्यांना हे भोक नाही.

मोठ्या अ‍ॅम्पच्या पाठीवर 'सेंड' आणि 'रिटर्न' असतात. रिटर्न पाठवतो सरळ शेवटच्या पॉवर अ‍ॅम्पकडे. प्रीअ‍ॅम्प आणि टोनची बटणं बाजूला पडतात, त्यामुळे गाणं गिटारच्या भोकापेक्षा जास्त स्वच्छ येतं. इथे सिग्नल मोठाच हवा, म्हणून तो १०० ओहम स्विचने बाहेर काढायचा. एकच सांभाळा. बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये रिटर्नच्या पुढे आवाजाचं बटणच नसतं, तेव्हा प्लेअर शून्यावरून सुरू करून हळूहळू वर न्या. नाहीतर पहिल्या ठोक्याला रेक्टर मॅडम दारात.

आणि आता ते भोक, ज्याच्यामुळे मला लेखाला हे शीर्षक द्यावंसं वाटलं. पाठीवर 'स्पीकर आऊट' लिहिलेलं असतं. तेही ६.३५ मिलिमीटर. तीच पिन, तसाच 'टक्'. १५ वॅटचा अ‍ॅम्प ८ ओहमवर पूर्ण जोरात असेल तर तिथे जवळपास ११ व्होल्ट असतात, १०० वॅटचा असेल तर २८. एक व्होल्ट देणाऱ्या प्लेअरच्या तोंडात तुम्ही २८ व्होल्ट ओतताय! शिवाय अ‍ॅम्प व्हॉल्व्हचा असेल आणि तुम्ही स्पीकरची वायर काढून तिथे प्लेअर घातला असेल, तर लोड नसल्यामुळे आऊटपुट ट्रान्सफॉर्मरही जाऊ शकतो. एका चुकीच्या 'टक्'मध्ये दोन बळी. म्हणून बॅटरी टॉर्च घेऊन मागे वाका, अक्षरं वाचा, मगच लावा. आणि लावताना अ‍ॅम्प बंद ठेवा, कारण मोठी पिन आत सरकताना मधल्या मध्ये भलतेच भाग एकमेकांना चिकटतात.

"पण आवाज असा का येतोय?"

सगळं बरोबर जोडलं तरी ही तक्रार येणारच. गाणं डब्यात बसून गायल्यासारखं वाटतं. यात वायरचा दोष नाही. गिटारचा स्पीकर हा संगीत ऐकवायला बनवलेलाच नसतो. सेलेस्टिऑन कंपनीचा 'ग्रीनबॅक' हा बारा इंची स्पीकर रॉकच्या जगात दैवत मानला जातो, आणि कंपनीच त्याची फ्रिक्वेन्सी रेंज ७५ ते ५००० हर्ट्झ देते. आपला कान तरुणपणी २०,००० पर्यंत ऐकतो. वरचे पंधरा हजार गेले कुठे? गिटारला ते नको असतात. तिची सगळ्यात खालची तार ८२ हर्ट्झची, आणि डिस्टॉर्शनमुळे वर जो कचरा तयार होतो तो ५००० च्या पुढे माशी घोंगावल्यासारखा कर्कश लागतो. स्पीकर तो कचरा गाळतो. म्हणजे गिटारसाठी जी गाळणी, तीच गाण्यासाठी अडचण. झांजा आणि 'स', 'श' यांची धार जाते, आणि खालून बेस गिटारची ४१ हर्ट्झची तार अर्धवटच पोचते.

त्यात टोनची बटणं. सगळी मधोमध ठेवली म्हणजे सपाट, असं आपण धरतो. फेंडर पद्धतीच्या अ‍ॅम्पमध्ये तसं नसतं. तिथे मधला भाग मुळातच खड्ड्यात असतो. मिडल पूर्ण वर आणि बेस-ट्रेबल अगदी खाली केले की तो सपाटीच्या जवळ येतो. तिथून सुरुवात करा, मग कानाला हवं तसं ट्रेबल वाढवा. क्लीन चॅनेल, गेन कमी. आणि प्लेअरमधला 'बेस बूस्ट' कृपा करून बंद करा. पाठ उघडी असलेल्या खोक्यातला स्पीकर खूप खालच्या सुरांना नुसताच पुढे-मागे हेलपाटे घालतो. आवाज वाढत नाही, कागदाचा कोन मात्र फाटू शकतो.

म्हणून डान्सच्या प्रॅक्टिसला हा अ‍ॅम्प वापरूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यासाठी साधे कॉम्प्युटर स्पीकर बरे. गिटार अ‍ॅम्पवर गाणं लावायचं ते त्याच्याबरोबर वाजवायचं असेल तरच.

अर्थिंग

इथपर्यंत वस्तूंची गोष्ट होती. आता माणसाची.

गिटारच्या तारा धातूच्या असतात आणि त्या पुलाखालून वायरने अ‍ॅम्पच्या ग्राउंडला जोडलेल्या असतात, घरघर कमी व्हावी म्हणून. म्हणजे वाजवणारी मुलगी पूर्ण वेळ अ‍ॅम्पचा पत्रा हातात धरून बसलेली असते. अ‍ॅम्पला अर्थिंग असेल तर हीच गोष्ट तिला सुरक्षित ठेवते. नसेल, आणि आत एखादी वायर पत्र्याला टेकली, तर २३० व्होल्ट थेट तारांवर. एका हातात तारा आणि दुसरा हात, किंवा ओठ, अर्थ केलेल्या माईकवर. करंट छातीतून जातो.

हे घाबरवायला लिहीत नाही. स्टोन द क्रोज या बँडचा गिटारिस्ट लेस हार्वे मे १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सी इथे स्टेजवर अर्थ नसलेल्या माईकला हात लावून गेला. यार्डबर्ड्सचा गायक कीथ रेल्फ १९७६ मध्ये घरीच, इलेक्ट्रिक गिटार वाजवताना शॉक लागून गेला. पहिला सत्तावीस वर्षांचा होता, दुसरा तेहेतीसचा.

आपल्या खोल्यांमध्ये काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या एक्स्टेन्शनमध्ये बसावा म्हणून कन्व्हर्टर लावला जातो, नाहीतर जाडी पिनच मोडली जाते. ती जाडी पिन लांबही असते, ती उगाच नाही. प्लग घालताना अर्थ सगळ्यात आधी जोडला जावा आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावा, म्हणून. गंमत म्हणजे ती मोडल्यावर कधीकधी घरघर खरंच थांबते, आणि मोडणाऱ्याला वाटतं आपण इंजिनिअर झालो.

घरघरीचा बंदोबस्त वेगळा आहे. आधी कान देऊन ऐका. ५० हर्ट्झचा जाडसर 'हूं' असेल, साधारण खालच्या 'जी' सुराजवळचा, तर तो बहुतेक वायरमधून किंवा ग्राउंडच्या लूपमधून येतो. १०० हर्ट्झचा असेल तर अ‍ॅम्पच्या आतला फिल्टर कपॅसिटर म्हातारा झाल्याची शक्यता. आणि खरखरीत, किणकिणता आवाज असेल तर चार्जर काढा. दहापैकी नऊ वेळा तोच असतो. मोबाईलच्या दोन पिनांच्या चार्जरमध्ये मेन्स आणि आऊटपुट यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर असतो. तो १ नॅनोफॅरड धरला तर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला त्यातून सुमारे ७२ मायक्रोअँपिअर गळतात. मेटलच्या फोनवर हात फिरवताना जी मुंगी चावते ती हीच. चांगल्या चार्जरमध्ये ती निरुपद्रवी असते, पण अ‍ॅम्पमध्ये ती ऐकू येते. रस्त्यावरच्या स्वस्त चार्जरमध्ये मात्र त्या कपॅसिटरवर आणि आतल्या ट्रान्सफॉर्मरच्या इन्सुलेशनवर किती विश्वास ठेवायचा, हे तुम्हीच ठरवा. तो चार्जर, अर्थ नसलेला अ‍ॅम्प आणि हातात गिटार, ही साखळी मी कोणाच्याही हातात बघू इच्छित नाही. फोन बॅटरीवर चालवा. गाण्याची प्रॅक्टिस दोन तासांची असते, बॅटरी तेवढी टिकते.

कॉमन रूमच्या सॉकेटला अर्थ आहे का, ते आम्ही हॉस्टेलच्या इलेक्ट्रिशियन काकांकडून तपासून घेतलं. "ताई, हे आधी कोणी विचारलंच नव्हतं," एवढंच ते म्हणाले. खिडकीजवळच्या सॉकेटला आहे, टीव्हीमागच्याला नव्हता. आता दोन्हींना आहे. बॉईज हॉस्टेलच्या मंडळींनी आपापल्या काकांना गाठावं. मेन बोर्डवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का, तेही त्याच वेळी विचारून घ्या, आणि त्याचं 'टेस्ट' बटण दाबून बघायला सांगा.

राहता राहिले ज्यांच्या फोनला हेडफोनचं भोकच नाही ते. आयफोनवरून ते २०१६ मध्ये गेलं आणि मग बाकीच्यांनीही एकेक करून काढून टाकलं. त्यांनी टाईप-सीचं डोंगल किंवा छोटा ब्लूटूथ रिसिव्हर घ्यावा, पुढे डबी तीच. ब्लूटूथमुळे आवाज थोडा उशिरा येतो, मग गिटार जुळणार कशी, असं मला बऱ्याच जणींनी विचारलं. जुळते. गाणं उशिरा आलं तरी तुम्ही ऐकता तेव्हापासूनच त्याच्याबरोबर वाजवता, आणि गिटार तर वायरनेच जाते. उशीर जाणवेल तो फक्त व्हिडिओतल्या गायकाचे ओठ बघत वाजवणाऱ्यांना.

डबी कॉमन रूमच्या कपाटात वरच्या फळीवर, बिस्किटांच्या जुन्या टिनमध्ये आहे. झाकणावर सर्किट चिकटवलं आहे. रात्री दहाच्या आत वापरून, रजिस्टरमध्ये सही करून परत ठेवावी. आत बॅटरी नाही, उघडून शोधू नये.